माया मूरची कारकीर्द : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माया मूर कोण आहे?

माया मूर ही अमेरिकेची माजी बास्केटबॉलपटू असून महिलांच्या डब्ल्यूएनबीए या व्यावसायिक लीगमध्ये ती २०११ ते २०१८ अशी आठ वर्षे मिनेसोटा लिंक्स या एकाच संघाकडून खेळली. या आठ वर्षांत तिच्या संघाने चार वेळा लीगचे विजेतेपद पटकावले. कनेक्टिकट विद्यापीठाकडून दोन राष्ट्रीय विजेतेपदे, अमेरिकेच्या संघाकडून ऑलिंपिकची दोन आणि जागतिक स्पर्धेची दोन सुवर्णपदके, शिवाय स्पेन, चीन आणि रशिया येथील क्लबांबरोबर मिळवलेले करंडक हे सगळे वेगळेच. २०२५ मध्ये स्प्रिंगफील्ड येथील नेस्मिथ हॉल ऑफ फेममध्ये तिचा समावेश झाला.

असे असूनही तिच्याविषयी सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न करंडकांचा नसतो. वयाच्या २९ व्या वर्षी, हातपाय धड असताना आणि संघाला हवी असताना ती खेळ सोडून का गेली, हा तो प्रश्न आहे. त्याचे उत्तर पुढे सविस्तर दिले आहे. मात्र तिने काय सोडले हे कळल्याशिवाय का सोडले हे कळणे अवघड आहे, म्हणून खेळापासून सुरुवात केली आहे.

तिचे बालपण कुठे गेले आणि ती बास्केटबॉलकडे कशी वळली?

तिचा जन्म ११ जून १९८९ रोजी मिझुरी राज्याची राजधानी असलेल्या जेफरसन सिटी या शहरात झाला. या शहराचे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे, कारण तिच्या आयुष्यात ते एकदा पुन्हा येते. आई कॅथरिन मूर यांनी तिला एकटीने वाढवले. तीन वर्षांच्या, घरभर धावणाऱ्या मुलीच्या अंगातली रग कुठेतरी जिरावी म्हणून त्यांनी राहत्या घराच्या दाराला मागच्या बाजूने एक छोटी रिंग अडकवली. पुढे मायलेकी शार्लट येथे आणि तिथून जॉर्जिया राज्यात अटलांटाजवळ राहायला गेल्या. सुवानी येथील कॉलिन्स हिल या शाळेकडून मूर चार वर्षे खेळली. त्या काळात शाळेने १२५ सामने जिंकले आणि केवळ ३ गमावले, तसेच राज्याचे अजिंक्यपद सलग तीन वेळा मिळवले.

विद्यापीठातील तिच्या कामगिरीबद्दल एवढे का बोलले जाते?

अमेरिकेत महिला बास्केटबॉलचा खरा प्रेक्षक अनेक वर्षे विद्यापीठीय स्पर्धांनाच होता, आणि त्या स्पर्धांत प्रशिक्षक जीनो ऑरिएमा यांच्या कनेक्टिकट संघाचा दरारा होता. २००७ च्या शरद ऋतूत मूर या संघात आली, आणि पहिल्याच वर्षी बिग ईस्ट या गटातील वर्षाची सर्वोत्तम खेळाडू ठरली. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला हा मान त्यापूर्वी कधीच, पुरुष गटातही, मिळाला नव्हता.

२००८-०९ च्या हंगामात संघाने ३९ पैकी ३९ सामने जिंकले. पुढच्या हंगामातही आकडा तोच राहिला. दोन संपूर्ण हंगाम एकही पराभव न पत्करता राष्ट्रीय विजेतेपद राखायचे म्हणजे काय, हे समजून घेण्यासाठी एवढे ध्यानात घ्यावे की या स्पर्धेच्या अंतिम टप्प्यात प्रत्येक फेरी एकाच सामन्याची असते. एक वाईट संध्याकाळ आली की वर्षभराची मेहनत पाण्यात जाते. विजयांची ही साखळी तिसऱ्या हंगामातही चालू राहिली. २१ डिसेंबर २०१० रोजी फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाला हरवून संघाने सलग ८९ वा विजय मिळवला आणि लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाच्या पुरुष संघाचा १९७१ ते १९७४ या काळातील ८८ विजयांचा विक्रम मागे टाकला. त्या सामन्यात मूरने एकटीने ४१ गुण केले. ही साखळी अखेर ९० वर थांबली. पुढे कनेक्टिकटच्याच नंतरच्या पिढीने १११ सलग विजयांपर्यंत मजल मारली, त्यामुळे आज हा विक्रम तिच्या संघाच्या नावावर नाही. मात्र तिने चार वर्षांत केलेले ३,०३६ गुण आजही त्या विद्यापीठातील सर्वाधिक आहेत.

विद्यापीठात असताना तिचा संघ एकूण किती वेळा हरला?

चार वेळा. १५० विजय आणि ४ पराभव असा तिचा चार वर्षांचा हिशेब आहे, आणि पराभव इतके थोडे आहेत की ते नावानिशी सांगता येतात. पहिला फेब्रुवारी २००८ मध्ये रटगर्सकडून, दुसरा त्याच वर्षी राष्ट्रीय उपांत्य फेरीत स्टॅनफर्डकडून, तिसरा ३० डिसेंबर २०१० रोजी पुन्हा स्टॅनफर्डकडून ७१-५९ असा, ज्याने ९० विजयांची साखळी तुटली, आणि चौथा २०११ च्या राष्ट्रीय उपांत्य फेरीत नोटर डेमकडून. त्या शेवटच्या सामन्यात मूरने ३६ गुण केले होते. माझ्या मते तिच्या कारकिर्दीकडे पाहताना ही छत्तीस गुणांची हार विसरू नये, कारण बास्केटबॉलमध्ये एकटीने किती करता येते आणि किती करता येत नाही याचे माप त्या एका संध्याकाळी मिळते.

मिनेसोटा लिंक्स या संघात ती कशी आली?

डब्ल्यूएनबीएमध्ये विद्यापीठातून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंची ड्राफ्ट पद्धतीने निवड होते आणि त्यात ढोबळमानाने दुबळ्या संघांना आधी निवड करण्याची संधी मिळते. २०११ मध्ये पहिली संधी मिनेसोटाकडे होती आणि त्यांनी मूरला निवडले. १९९९ पासून लीगमध्ये असलेल्या या संघाला तोवर केवळ दोनदा बाद फेरी गाठता आली होती. आदल्या वर्षी त्यांनी ३४ पैकी १३ सामने जिंकले होते. मूरच्या पहिल्या वर्षी २७ जिंकले आणि लीगही जिंकली.

अर्थात हे श्रेय तिचे एकटीचे नाही. प्रशिक्षक शेरिल रीव्ह यांनी बांधलेल्या त्या संघात लिंडसे व्हेलन, सिमोन ऑगस्टस आणि रेबेका ब्रन्सन या तिघी आधीपासून होत्या, आणि २०१५ च्या हंगामाच्या मध्यावर उंचपुरी सिल्व्हिया फाऊल्स त्यांना येऊन मिळाली. मूर म्हणजे लिंक्स असे सरसकट लिहिले जाते, ते बरोबर नाही. चार विजेतेपदांपैकी अंतिम मालिकेतील सर्वोत्तम खेळाडूचा मान तिला एकदाच, २०१३ मध्ये, मिळाला. २०११ मध्ये तो ऑगस्टसला आणि २०१५ व २०१७ मध्ये फाऊल्सला मिळाला. २०१३ च्या त्या मालिकेचा शेवटचा सामना अटलांटा संघाच्या नेहमीच्या मैदानाऐवजी डुलुथ येथे खेळवला गेला, म्हणजे ज्या परगण्यात मूर शाळेसाठी खेळली होती त्याच परगण्यात. ज्यांनी तिला शाळकरी वयात पाहिले होते त्या शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या देखत तिने तो करंडक पाहुण्या संघाच्या वतीने उचलला.

खेळाडू म्हणून तिचे वैशिष्ट्य काय होते?

आकड्यांत सांगायचे तर आठ हंगामांत तिने सामन्यामागे सरासरी १८.४ गुण केले. २०११ मध्ये ती वर्षातील सर्वोत्तम नवोदित खेळाडू होती, आणि २०१४ मध्ये सामन्यामागे २३.९ गुणांच्या सरासरीने लीगमधील सर्वोत्तम खेळाडू ठरली. त्याच वर्षी जुलैमध्ये अटलांटाविरुद्ध दोनदा जादा वेळेत गेलेल्या सामन्यात तिने ४८ गुण केले.

आकड्यांपलीकडचे सांगायचे तर तिचा सगळा खेळ चेंडू हातात नसताना सुरू होत असे. नवशिक्या खेळाडूला चेंडू मिळाला की मग काय करायचे ते सुचते. मूर पास येण्याआधीच बचावपटूला एका बाजूला ओढून दुसऱ्या बाजूला निसटलेली असे, आणि चेंडू हातात पडला की तो डोक्यावर नेऊन सोडायला तिला फारच थोडा वेळ लागे. दुसरी गोष्ट म्हणजे रिबाउंड. हुकलेल्या चेंडूसाठी आत घुसणे हे सहसा संघातील धिप्पाड खेळाडूंचे काम समजले जाते, परंतु बाहेरून तीन गुणांचे फेक करणारी ही खेळाडू त्या झटापटीतही हक्काने उतरत असे. बचावात समोरच्याचा पास हेरून चेंडू पळवण्यात ती पटाईत होती, आणि तिच्या शेवटच्या, म्हणजे २०१८ च्या हंगामात चेंडू हिसकावण्यात ती लीगमध्ये अव्वल होती. ज्या खेळाडूचे पाय थकले आहेत तिला हे जमत नाही, ही गोष्ट निवृत्तीचा विचार करताना उपयोगी पडेल.

२०१५ च्या अंतिम मालिकेतील तिचा तो प्रसिद्ध फेक नेमका कसा होता?

मालिका पाच सामन्यांची होती आणि मिनेसोटा व इंडियाना फीव्हर यांच्यात १-१ अशी बरोबरी होती. तिसरा सामना ९ ऑक्टोबरच्या रात्री इंडियानापोलिस येथे, म्हणजे फीव्हरच्या घरच्या प्रेक्षकांसमोर झाला. भारतात तेव्हा १० तारखेची सकाळ उजाडली होती. गुणफलक ७७-७७ होता. घड्याळात १.७ सेकंद उरले होते आणि चेंडू मिनेसोटाचा होता.

एवढ्या वेळात बहुतेक खेळाडू चेंडू हाती आल्याबरोबर रिंगच्या दिशेने भिरकावतात, कारण दुसरे काही करण्याइतका वेळ आहे असे त्यांना वाटतच नाही. मूरने रिंगसमोर, तीन गुणांच्या रेषेबाहेर पास घेतला आणि आधी फेकण्याची हूल दिली. अंगावर धावून आलेली बचावपटू त्या हुलीला भुलून हवेत उडाली आणि बाजूने पुढे निघून गेली. मग मूरने चेंडू एकदा जमिनीवर आपटला, एक पाऊल बाजूला सरकली, उडी घेतली आणि चेंडू सोडला. तो हवेत असतानाच बझर वाजला. ८०-७७.

या फेकाची चित्रफीत पुन्हा पाहताना हूल आणि फेक यांच्या मध्ये जो क्षणभराचा थांबा आहे त्याकडे लक्ष द्यावे. एक पूर्णांक सात दशांश सेकंदांतही तिने एक क्षण न फेकण्यासाठी खर्च केला. चौथा सामना इंडियानाने जिंकून बरोबरी साधली, तेव्हा तो फेक वाया गेला की काय असे वाटू लागले होते; परंतु पाचव्या सामन्यात मिनेसोटाने ६९-५२ असा विजय मिळवला.

तिने अंतिम फेरीत पराभव पाहिलाच नाही का?

पाहिला, आणि दोनदा पाहिला. २०१२ मध्ये याच इंडियाना संघाने मिनेसोटाला ३-१ असे हरवले. २०१६ चा पराभव अधिक बोचरा होता. लॉस एंजेलिस स्पार्क्सविरुद्धच्या निर्णायक पाचव्या सामन्यात सुमारे १५ सेकंद उरले असताना मूरने बास्केट करून संघाला ७६-७५ अशी आघाडी मिळवून दिली होती, आणि तरीही शेवटच्या तीन सेकंदांच्या सुमारास नेका ओग्वुमिकेने एका हुकलेल्या फेकाचा चेंडू मिळवून तो रिंगमध्ये टाकला. मिनेसोटा ७७-७६ असा एका गुणाने हरला. पुढच्या वर्षी हेच दोन संघ पुन्हा पाचव्या सामन्यापर्यंत गेले आणि या वेळी मिनेसोटाने परतफेड केली.

अमेरिकेत एवढे नाव असताना ती परदेशात का खेळत होती?

पैशासाठी, आणि यात काही लपवण्यासारखे नाही. डब्ल्यूएनबीएचा हंगाम उन्हाळ्यात काही महिन्यांचा असतो आणि मूरच्या काळात लीगमधील सर्वोच्च वार्षिक वेतन सुमारे १ लाख १५ हजार डॉलर होते. पुरुषांच्या एनबीएमध्ये राखीव बाकावर बसणाऱ्या खेळाडूलाही याच्या कितीतरी पट अधिक रक्कम मिळते. रशिया, तुर्कस्तान आणि चीनमधील क्लब महिला खेळाडूंना त्यांच्या देशापेक्षा जास्त मोबदला देत असत, त्यामुळे अव्वल अमेरिकी खेळाडू हिवाळ्यात परदेशी जात आणि वर्षातील बाराही महिने खेळत. डायना टॉरासीने तर तिच्या रशियन क्लबच्या इच्छेनुसार आणि त्यांच्याच पैशावर २०१५ चा संपूर्ण अमेरिकी हंगाम विश्रांतीत घालवला होता.

मूर २०११-१२ मध्ये स्पेनच्या रोस कासारेस व्हॅलेन्सिया या क्लबकडून खेळली आणि युरोलीग विजेती झाली. त्यानंतर तीन हिवाळे ती चीनमधील शांशी या संघाकडे होती आणि तिन्ही वेळा त्या संघाने चीनची लीग जिंकली. २०१८ च्या आरंभी ती रशियातील येकातेरिनबुर्गच्या क्लबकडे गेली आणि तिथेही युरोलीगचा करंडक मिळाला. या सगळ्यात ऑलिंपिक आणि जागतिक स्पर्धांची शिबिरे मिळवली की कॅलेंडर भरून जाते. विद्यापीठाची पदवी हाती आल्यापासून २०१८ पर्यंत तिला सलग अशी रजा जवळजवळ मिळालीच नव्हती. तिच्या निर्णयाची चर्चा करताना ही साधी गोष्ट अनेकदा राहून जाते.

राष्ट्रीय संघाकडून तिची कामगिरी कशी होती?

२०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये अमेरिकेने अंतिम सामन्यात फ्रान्सला ८६-५० असे, तर २०१६ मध्ये रिओ येथे स्पेनला १०१-७२ असे हरवले. दोन्ही संघांत मूर होती. जागतिक स्पर्धेत २०१० आणि २०१४ अशी दोन सुवर्णपदके तिला मिळाली, आणि २०१४ मध्ये ती स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू ठरली. अमेरिकेच्या महिला संघाचे वर्चस्व एवढे आहे की या विजयांत नाट्य फारसे आढळत नाही.

२०१६ मध्ये टी-शर्टवरून झालेला वाद काय होता?

६ जुलै २०१६ रोजी मिनेसोटातच, सेंट पॉल शहराच्या उपनगरात, फिलांडो कॅस्टील या कृष्णवर्णीय तरुणाला वाहतूक तपासणीदरम्यान पोलिसाने गोळी घालून ठार केले. त्याच्या आदल्या दिवशी लुईझियाना राज्यात आल्टन स्टर्लिंग याचा पोलिसांच्या गोळीने मृत्यू झाला होता, आणि दुसऱ्या दिवशी डॅलस येथे पाच पोलिसांची हत्या झाली. ९ जुलैच्या सामन्याआधी मूर, व्हेलन, ऑगस्टस आणि ब्रन्सन या चौघी कर्णधारांनी काळे टी-शर्ट घालून पत्रकार परिषद घेतली. बदलाची सुरुवात आपल्यापासून होते, अशा आशयाचा मजकूर पुढे होता; पाठीवर दोन्ही मृतांची नावे आणि त्यांच्याबरोबर डॅलस पोलिसांचे चिन्हही होते. तरीसुद्धा मैदानावर सुरक्षेसाठी नेमलेले, ड्युटीवर नसलेले चार पोलीस काम सोडून निघून गेले. अमेरिकी फुटबॉलमधील कॉलिन केपर्निकचा निषेध जगभर गाजला तो यानंतर काही आठवड्यांनी.

ती खेळ सोडून का गेली?

फेब्रुवारी २०१९ मध्ये तिने जाहीर केले की येत्या हंगामात ती खेळणार नाही. त्या निवेदनात तिने कुटुंबाला आणि आपल्या ख्रिस्ती श्रद्धेतून आलेल्या सेवाकार्याला वेळ द्यायचा असल्याचे म्हटले होते. एका कैद्याला सोडवण्यासाठी ती खेळ सोडत असल्याची घोषणा तिने त्या दिवशी केली होती, असे आज सर्रास सांगितले जाते, ते अचूक नाही. जॉनथन आयरन्सच्या खटल्यासाठी ती किती वेळ देत आहे हे लोकांना कळले ते त्या वर्षाच्या मध्यावर. जानेवारी २०२० मध्ये तिने दुसरा हंगाम आणि टोकियो ऑलिंपिकही सोडत असल्याचे सांगितले, तेव्हा मात्र कारण सर्वांना ठाऊक झाले होते.

जॉनथन आयरन्सचा खटला काय होता?

जानेवारी १९९७ मध्ये मिझुरी राज्यातील ओफॅलन या गावी एका घरात चोरी झाली आणि घरमालकावर गोळ्या झाडल्या गेल्या. तो गंभीर जखमी झाला, पण वाचला. या प्रकरणी १६ वर्षांच्या आयरन्सला अटक झाली. त्याच्यावर प्रौढ म्हणून खटला चालला, निवाडा देणाऱ्या पंचमंडळात सर्व जण गोरे होते, आणि १९९८ मध्ये त्याला ५० वर्षांची शिक्षा झाली. घटनास्थळी त्याचे बोटांचे ठसे, रक्त किंवा डीएनए यांपैकी काहीही सापडले नव्हते. घरमालकाने त्याला ओळखले होते आणि त्याने एकांतात गुन्हा कबूल केल्याची साक्ष एका पोलीस अधिकाऱ्याने दिली होती. त्या कथित कबुलीचे ध्वनिमुद्रण नव्हते आणि आयरन्सने ती कायम नाकारली.

मूरच्या नात्यातली आणि घरोब्याची काही माणसे तुरुंगातील कैद्यांसाठी धार्मिक सेवाकार्य करत असत आणि त्यातून त्यांची आयरन्सशी ओळख झाली होती. २००७ च्या उन्हाळ्यात, विद्यापीठात जाण्याआधी, अठरा वर्षांची मूर त्याला प्रथम भेटली. म्हणजे वर सांगितलेले ९० विजय, ते ४८ गुण आणि तो १.७ सेकंदांचा फेक हे सगळे घडत असताना ही ओळख चालूच होती.

खटल्याला कलाटणी मिळाली ती एका कागदामुळे. घराच्या आतील दारावर मिळालेल्या एका ठशाचा अहवाल पोलिसांकडे होता. तो ठसा ना आयरन्सचा होता, ना घरमालकाचा, आणि हा अहवाल बचाव पक्षाला कधी देण्यातच आला नव्हता. मूरने वकिलांच्या खर्चाला हातभार लावला आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये सुनावणी झाली तेव्हा ती न्यायालयात हजर होती. ९ मार्च २०२० रोजी न्यायाधीश डॅनियल ग्रीन यांनी शिक्षा रद्द केली. राज्याने त्याविरुद्ध दाद मागितली, तेव्हा मिझुरीच्या सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप करण्यास नकार दिला आणि स्थानिक सरकारी वकिलांनीही फेरखटला चालवायचा नाही असे ठरवले.

१ जुलै २०२० रोजी आयरन्स तुरुंगाच्या दारातून बाहेर आला, तेव्हा तो चाळिशीच्या उंबरठ्यावर होता. बाहेर थांबलेल्या माणसांत मूर होती. तो येताना दिसताच ती गुडघ्यांवर कोसळली आणि मग उठून त्याच्याकडे गेली. तो तुरुंग जेफरसन सिटी येथे आहे, जिथे तिचा जन्म झाला.

दोघांनी लग्न केले हे खरे आहे का?

होय. सुटकेनंतर थोड्याच दिवसांत त्यांनी विवाह केला आणि सप्टेंबर २०२० मध्ये ते जाहीर केले. २०२२ मध्ये त्यांना मुलगा झाला.

तिने न्यायासाठी कारकिर्दीचा त्याग केला, असे म्हणता येईल का?

असे बहुतेक लोक म्हणतात. मला स्वतःला हा शब्द इथे थोडा जड वाटतो. आपल्या भाषेत त्याग म्हटला की हवीहवीशी वस्तू डोळ्यांत पाणी आणून दुसऱ्यासाठी सोडल्याचे चित्र उभे राहते, आणि त्या चित्रात सोडणाऱ्याकडे स्वतःची म्हणून काही इच्छा उरत नाही. मूरच्या बाबतीत तसे दिसत नाही. दहा-बारा वर्षे ती अखंड खेळली होती, जिंकण्यासारखे जवळपास सगळे जिंकली होती, आणि उरलेला वेळ कशावर खर्च करायचा हे तिने स्वतः ठरवले. तिच्या निर्णयाचे मोल त्यामुळे कमी होत नाही. २०१८ च्या ऑल-स्टार सामन्यात ती सर्वोत्तम खेळाडू होती; आणखी पाच-सहा वर्षे तिच्यात नक्कीच होती, हे तिलाही माहीत असणार. परंतु लोकांनी त्या न खेळलेल्या वर्षांचा हिशेब मांडून हळहळत बसावे, असे तिच्या कोणत्याही कृतीतून सुचत नाही.

अधिकृत निवृत्ती केव्हा झाली?

जानेवारी २०२३ मध्ये. २०१९ पासून चार वर्षे ती न खेळणारी पण निवृत्तही न झालेली अशी होती आणि ती परत येईल का, ही चर्चा दर हंगामाआधी होत असे. मिनेसोटा संघाने २४ ऑगस्ट २०२४ रोजी मिनियापोलिसच्या टार्गेट सेंटरमध्ये तिची २३ क्रमांकाची जर्सी निवृत्त केली. त्या दिवशी पाहुणा संघ इंडियाना फीव्हर होता आणि त्या संघात होती केटलिन क्लार्क, जिने लहानपणी याच मैदानावर मूरला मिठी मारली होती.

डायना टॉरासी आणि सू बर्ड यांच्याशी तिची तुलना कशी करावी?

तिघीही कनेक्टिकट विद्यापीठाच्या, त्यामुळे तुलना होतेच. टॉरासीने २० हंगामांत १०,६४६ गुण केले, जो लीगचा विक्रम आहे. मूरचे गुण ४,९८४ आहेत. एकूण आकड्यांच्या कोणत्याही यादीत मूर खालीच राहणार. विजेतेपदे मोजली तर चित्र पालटते. टॉरासीची ३, बर्डची १९ हंगामांत ४, आणि मूरची ८ हंगामांत ४. लांबलचक कारकिर्दीत शरीर टिकवणे हेही एक कसब आहे आणि त्यात बर्ड व टॉरासी यांना तोड नाही. पण एक मालिका जिंकायची असेल आणि एकीचीच निवड करायची असेल, तर मी मूरला घेईन.

नव्या प्रेक्षकाने तिचा एकच सामना पाहायचा झाला तर कोणता पाहावा?

बहुतेक जण २०१५ चा तिसरा सामना सुचवतील. माझी शिफारस ६ एप्रिल २०१० रोजी सॅन अँटोनियो येथे झालेल्या विद्यापीठीय अंतिम सामन्याची आहे. समोर स्टॅनफर्ड होते. त्या वेळी विद्यापीठीय सामने वीस-वीस मिनिटांच्या दोन सत्रांचे असत. सलग ७७ सामने जिंकून आलेल्या कनेक्टिकटला पहिल्या वीस मिनिटांत अवघे १२ गुण करता आले. जवळून केलेले सोपे फेकही रिंगवरून परत येत होते, मूरचेही. मध्यंतराला ते १२-२० असे मागे होते. दुसरे सत्र सुरू झाल्यावर मूरने काही वेगळे केले नाही. ज्या जागांवरून आधी फेक हुकले होते त्याच जागांवर ती पुन्हा जाऊन उभी राहिली आणि त्याच निर्धास्तपणे फेकत राहिली. सामना ५३-४७ असा संपला. तिचे गुण होते २३ आणि रिबाउंड ११. पहिले सत्र कंटाळवाणे आहे, पण ते पुढे सरकवून टाकू नये.